शून्यकाकांचा पहारा

१२ नोव्हेंबर. सकाळपासून ढगाळ, वारा अजिबात नाही.

मी फोटो स्टुडिओतला कॉम्प्युटर बोलतोय. माझी पाठ उघडी आहे, दुरुस्तीवाला तोंडात टॉर्च धरून आत बघतोय, आणि मला फार भीती वाटतेय.

भीती मला नवी नाही. या टेबलावर आलो तेव्हापासून माझ्या पोटात लोकांची लग्नं आहेत, तान्ही बाळं आहेत, गेलेली माणसं आहेत. फोटो दादा काढतो. मला चालवते त्याची धाकटी बहीण. तिचा हात इतका हलका, की चेहऱ्यावरचा व्रण ती असा पुसते, जणू तो कधी नव्हताच.

गेल्या वर्षी तिला कुणीतरी मेलवर एक उपाय कळवला. पत्त्यांच्या यादीत सगळ्यात वर एक खोटा पत्ता ठेवायचा, नुसत्या शून्यांचा. व्हायरस सगळ्यांना पत्रं पाठवायला निघाला, की पहिल्याच पत्त्यावर आपटतो आणि गप्प बसतो म्हणे.

"दादा, दारात राखणदार बसवला बघ. शून्यकाका!"

"पगार किती काकांना?"

"फुकट. तुझ्यासारखा दर तासाला चहाही मागत नाहीत."

दोघं हसली. मी मात्र धास्तावलो. एक पत्र परत आलं म्हणून पोस्टमन पुढची घरं सोडतो का? आणि घरात शिरलेला चोर दारातल्या बुजगावण्याला कशाला विचारेल? पण मला कुठे तोंड आहे!

पूर्वी ती दर आठवड्याला सगळे फोटो एका वेगळ्या डिस्कवर उतरवून ठेवायची. काका आले आणि डिस्क खणात गेली. अनोळखी पत्र उघडताना तिचं बोट जरा थबकायचं, तेही थबकेनासं झालं.

परवा एक मुलगी आली. महिन्यापूर्वी तिचं लग्न झालं, आणि पाठोपाठ वडील गेले.

"बाबा कॅमेरा दिसला की पळायचे हो. घरात त्यांचा एक धड फोटो नाही. त्या दिवशी तेवढे माझ्यासाठी उभे राहिले."

"सगळे आहेत माझ्याकडे," बहीण म्हणाली. "दोन दिवसांनी ये, अल्बम घेऊन जा." तिने रंग तपासायला त्यातला एक फोटो कागदावर काढला आणि भिंतीला चिकटवला.

मुलगी गेल्यावर दादाने विचारलं, "कॉपी काढलीस ना? कॅमेऱ्यातलं कार्ड मी पुसलंय, उद्या दुसरं लग्न आहे."

"काढते रे. काका आहेत ना तोवर!"

काल दुपारी पत्र आलं. 'आईचा जुना फोटो जोडलाय, नीट करून द्याल का?' आमचं रोजचंच काम. तिने क्लिक केलं. फोटो काही उघडला नाही, पण माझ्या पोटात कुणीतरी पळू लागलं. एकेक फोटो उघडायचं, नासवायचं, पुढे जायचं. मी जिवाच्या आकांताने पंखा फिरवला. तेवढीच माझी हाक.

"तापलाय बिचारा," म्हणत तिने खिडकी उघडली.

मग थोड्या वेळाने तिचा आवाज आला, अगदी बारीक. "दादा, फोटो उघडत नाहीयेत रे."

"कुठले?"

"कुठलेच."

वाचणाऱ्यांनो, तुमच्याकडेही माझ्यासारखा कुणी असेल. त्याच्या दारात कुठलेही काका बसवू नका. खणातली ती डिस्क बाहेर काढा. आजच.

दुरुस्तीवाल्याने टॉर्च विझवला आणि नकारार्थी मान हलवली. दारात ती मुलगी उभी आहे.

व्हायरसने तेच पत्र आमच्या नावाने यादीतल्या सगळ्यांना धाडलं होतं. शून्यकाकांना गेलेलं 'असा पत्ता नाही' म्हणून परत आलं. बाकी सगळ्यांना ते पोहोचलं. लग्नाचा एक फोटो उरला, भिंतीवरचा. त्यात मुलगी हसते आहे. तिच्या खांद्यावर वडिलांचा हात आहे, मनगटापर्यंत.