बोटीतलं डोहाळजेवण

कस्तुराला पाण्याचं भय होतं, आणि ते साधंसुधं नव्हतं. नदीवर बाया धुणं घेऊन गेल्या की ही पार वरच्या खडकावर पाय आखडून बसायची आणि दुसरीकडून बादलीनं पाणी मागवून घ्यायची. लहानपणी पैनगंगेच्या पुरात एक गोऱ्हा वाहून जाताना तिनं पाहिला होता. त्याचं तोंड शेवटपर्यंत पाण्याच्या वर होतं, आणि तो हिच्याकडेच बघत होता. तेव्हापासून नदी म्हटली की हिची बोबडी वळायची. आणि अशा बाईनं, सांगा बाप्पा, सासूनं डोहाळे विचारल्यावर काय सांगावं? तर म्हणे, "मले नावेत बसावं वाटते."

सासू प्रयागबाईच्या हातातलं सूपच थांबलं. "नावेत? अवं, चिंच माग, बोरं माग, ज्वारीचं आंबील माग. नाव काय खायाची वस्तू हाये?"

"मले काय मालूम आत्याबाई. वाटते खरं." कस्तुरानं पदर पुढे ओढला आणि मान खाली घातली.

खोटं बोलत होती पोरगी. साफ खोटं. तिला नावेत बसायचं नव्हतं, तिला मायला भेटायचं होतं. माहेर नदीच्या पल्याड, अगदी समोर. निजाम जाऊन काही वर्षं झाली तरी अल्याडचे लोक त्या काठाला मोगलाईच म्हणत. सकाळी वारं पडलेलं असलं की तिकडच्या कोंबड्याचं आरवणं इकडं ऐकू यायचं. पण जाणार कसं? गेल्या दिवाळीला सासरा दौलतराव मोठ्या थाटात व्याह्याकडे जेवायला गेला, आणि कस्तुराच्या भावानं पंगतीतला पहिला पाट नजरचुकीनं दुसऱ्याच पाव्हण्याला दिला. झालं! दौलतराव भरल्या ताटावरून उठला. "आता या काठावर पाय ठेवीन तर बापाचं नाव लावनार नाई," असं साऱ्या पंगतीसमोर बोलून आला. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, तीसुद्धा त्यानं मोडून काढली. रिसोडहून नर्स आणू म्हणाला. सासऱ्यासमोर सुनेनं तोंड उघडायची सोय नव्हती. लग्न झाल्यापासून कस्तुरा त्याच्याशी एक शब्दही बोलली नव्हती. नवरा जानराव बापाला इतका भ्यायचा की बाप घरात असला तर हा शिंकसुद्धा अंगणात जाऊन द्यायचा. मग बोलणार कोण?

गरोदर बाईचे डोहाळे पुरवले नाहीत तर होणाऱ्या लेकराचा कान फुटतो, हे मात्र दौलतरावापासून गड्यापर्यंत सगळे मानत. कस्तुराला तेवढाच एक रस्ता दिसला. नावेत बसवतील म्हणजे पल्याड नेतील, पल्याड नेतील म्हणजे माय दिसेल. नाव मधातून माघारी फिरते असं तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. मायसाठी तेवढा वेळ डोळे मिटून, दात आवळून बसू, असं तिनं मनाशी ठरवलं. बाळंतपणात आपण मेलो आणि मायचं तोंड बघायचं राहिलं तर, ही धास्ती तिला पाण्याच्याही भयाहून मोठी होती.

दौलतरावाला सुनेचे डोहाळे कळले आणि स्वारी नुसती फुलून आली. कारण कापसाच्या कामानं तो एकदा मुंबईला जाऊन आला होता, आणि तिथं गोदीत कुणीतरी त्याला एक विलायती बोट आतून दाखवली होती. जुनी बोट, पण नवी करून नुकतीच पाण्यात सोडलेली. "काय सांगू गड्या," तो चावडीवर सांगायचा, "आतमंदी दिवानखाने, आरसे, झुंबरं! पायाखाली गालिचा! कोनी म्हनन का हे जुनी हाये?" ही गोष्ट गावानं इतक्यांदा ऐकली होती की पोरंटोरंसुद्धा झुंबरं मोजून दाखवायची. आता त्याला स्वतःची बोट करायची संधी आली, तीही लेकराच्या कानासाठी. अडवणार कोण?

नदीवर वरच्या अंगाला फरशीचा पूल झाल्यापासून घाटावरचा जुना डोंगा पालथा पडून होता. डोंगा चालवणारा भोई केव्हाच पोट भरायला दुसरीकडे निघून गेला होता. दौलतरावानं तो डोंगा गाडीवर घालून आणला आणि गोठ्यात ठेवला. रिसोडहून सुतार बोलावला. सुतार बैलगाड्यांचा पक्का कारागीर. डोंग्याला त्यानं आयुष्यात हात लावला नव्हता. दोघांनी मिळून विचार केला. गाडीचं लाकूड जितकं सुकेल तितकं चांगलं, तर बोटीचंही तसंच असणार. म्हणून अख्खा पावसाळा डोंगा गोठ्यात कोरडा ठाक ठेवला. फटी दिसल्या त्यांत तेलात मळलेली लांबी भरली, वरून पांढराशुभ्र तेलरंग, मध्ये लाल पट्टा. कठडा बसवला, मखमलीचं छत घातलं, तळाशी नव्या फळ्या आणि त्यांवर गाद्या. मुहूर्तापर्यंत रंग खराब होऊ नये म्हणून पाण्याचा थेंब लागू दिला नाही. बोटीला पाण्यापासून जपणारा माणूस साऱ्या वऱ्हाडात हाच एक असेल!

आश्विनात, सातव्या महिन्यात, डोहाळजेवणाचा दिवस ठरला. नदीचा पूर ओसरला होता, पण पाणी दोन्ही काठ धरून होतं. वाशीमहून गाणी वाजवणारा चावीचा फोनो आणला होता. कस्तुराला हिरवं लुगडं नेसवलं, फुलांचे दागिने घातले, हातात धनुष्यबाण दिला. घाटावर गाव लोटला. आणि तिथं, पाण्याच्या अगदी तोंडाशी उभं राहून दौलतराव गड्याला म्हणाला, "रूपला, मधात न्यायची, एक गोल चक्कर मारायची, आन् वापस आनायची. पल्याड टेकवशीन तर याद राख."

कस्तुराच्या पायाखालची जमीनच सरकली. वापस? मग हे सगळं कशापायी? नदी समोर सळसळत होती आणि आता त्या नदीच्या पार माय नव्हतीच, नुसतं पाणी होतं. नाही म्हणावं तर कुणाला? तिनं मागं वळून जानरावाकडे पाहिलं. तो गर्दीत टोपी नीट करत होता. प्रयागबाईनं हात धरून तिला आत चढवलं. डोंगा एका अंगाला कलला तशी कस्तुराच्या तोंडून "माय व!" निघालं. बायांना वाटलं, लाजली.

बोट निघाली. रूपला तांड्यावरचा, अंगापिंडानं दांडगा. बांबू रेटत होता. दौलतराव पुढच्या टोकाला कठडा धरून असा उभा होता की जणू विलायतेलाच निघाला. पाच सवाष्णी कस्तुराभोवती बसल्या होत्या. फोनो वाजत होता, त्यावर ताण करून सवाष्णींतली गोमतीबाई डोहाळ्याची गाणी म्हणत होती. गोमतीबाईचा आवाज म्हणजे पिकातली पाखरं उठावीत असा. कस्तुरानं डोळे घट्ट मिटले. पोटावर दोन्ही हात ठेवले. आत लेकरू ढुशा मारत होतं, तेवढाच काय तो धीर. काठ किती मागं गेला ते बघायची तिची छाती झाली नाही. गोऱ्ह्याचं ते तोंड मात्र मिटल्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

आणि मग तिला ओलं लागलं.

मांडीखालची गादी ओली झाली होती. लुगडं ओलं झालं होतं. कस्तुराच्या अंगावर सर्रकन काटा आला. सातवा महिना! शेजारच्या एकीचं असंच झालं होतं. अंगावरून पाणी गेलं, आणि दोन महिने आधीच लेकरू आलं, ते रडलंसुद्धा नाही. देवा, आता नको. इथं नको. चहूकडे पाणी, समोर सासरा उभा, आणि ही गोष्ट बोलायची तरी कोणत्या तोंडानं? तिनं सासूच्या लुगड्याचा काठ ओढला. "आत्याबाई..."

"बस व, बस. आता ओटी भरतो," प्रयागबाई फोनोच्या वर आवाज चढवून म्हणाली.

ओल वाढत होती. कस्तुरा मांड्या आवळून तशीच बसून राहिली. हलले तर सगळंच जाईल, असं तिला वाटत होतं. आपण खोटे डोहाळे सांगितले, त्याची ही शिक्षा. लेकराचा जीव जाणार आपल्या खोट्यापायी. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं आणि बाया म्हणाल्या, पाहा कशी आनंदानं रडून राहिली!

शेवटी तिनं पदराआड हात खाली घातला. पाणी गार होतं. अंगातलं पाणी असं गार नसतं. हाताला बारीक रेती लागली. तिनं हात वर आणला. तळव्यावर गढूळ ओघळ होता.

नदी होती ती. नदी आत आली होती.

एक क्षण, फक्त एक क्षण तिला सुटल्यासारखं वाटलं. मग गादीचं टोक तिच्या डोळ्यांदेखत तरंगायला लागलं आणि तिनं किंकाळी फोडली. असली किंकाळी की गोमतीबाईचं गाणं अर्ध्यात तुटलं.

मग एकच हलकल्लोळ. बाया उठल्या, डोंगा कलला, फोनो घसरत जाऊन धप्पकन नदीत पडला. "बसा! कोनी उठू नका! बसा म्हनतो ना!" दौलतराव ओरडला. रूपलानं तळाची एक फळी उचकटली. खाली पाणी खळखळत होतं. सुकून सुकून लाकूड आकसलं होतं, सांधे उघडले होते, लांबीचे लांबच्या लांब तुकडे सुटून पाण्यावर तरंगत होते. वरचा पांढरा रंग मात्र झकास होता.

बायांनी ओटीची ताटं घेतली, तांबे घेतले, हातात येईल त्यानं पाणी उपसू लागल्या. ओटीचे तांदूळ, नारळ, खारका सगळं पाण्याबरोबर बाहेर जात होतं. प्रयागबाई देवाचं नाव घेत उपसत होती आणि मधूनच नवऱ्याला शिव्याही घालत होती.

"रूपला, वापस फिरव! आपल्या काठाले घे!"

"मालक, नाई जमत! धार तिकडे लोटून राह्यली. पल्याडचा काठ जवय हाये."

"आपल्याच काठाले घे म्हनतो ना!"

रूपलानं बांबू रोवून नाव फिरवून पाहिली. नाव आडवी झाली, आणि डोंग्याच्या कडेवरून पाण्याची एक लाट सरळ आत आली. पाणी कस्तुराच्या कमरेला लागलं. तिनं पोट गच्च धरलं. आत काहीच हलत नव्हतं. मघाशी ढुशा मारणारं लेकरू चिडीचूप होतं. तिनं दाबून पाहिलं. काहीच नाही. तेव्हा तिच्या भयाचं असं काही झालं की ते पोटात मावेना. लाज, रीत, पदर, सगळं फोडून ते बाहेर पडलं.

"मामाजी!" ती ओरडली.

दौलतरावानं चमकून मागं पाहिलं. हा आवाज त्यानं कधी ऐकलाच नव्हता.

"पल्याड घ्या मामाजी! तुमच्या पाया पडते, पल्याड घ्या! मले नावेचे डोहाये नव्हतेच. मले मायचे डोहाये होते. मले नदीचं भेव वाटते, लय भेव वाटते. लेकरू हालून नाई राह्यलं, मामाजी! मले मायपाशी न्या!"

पाणी उपसणाऱ्या बायांचे हात थांबले. दौलतराव सुनेच्या उघड्या, रडून लाल झालेल्या तोंडाकडे बघत राहिला. मग त्यानं मखमलीचं छत एका हिसक्यात ओढून काढलं, बोळा केला, आणि गुडघ्यांवर बसून उघड्या सांध्यात कोंबू लागला.

"घे पल्याड," तो रूपलाला म्हणाला. आवाज त्याचा वाटत नव्हता. "काय पाह्यतं रे माह्याकडे? घे लवकर!"

धारेनंच नेलं म्हणायचं. काठ टप्प्यात आला आणि डोंगा तळाला टेकून एका अंगावर बसला. बाया कमरेएवढ्या पाण्यातून एकमेकींना धरून रडत-ओरडत निघाल्या. कस्तुराला उठता येईना. सासऱ्यानं सुनेला हात लावायचा नसतो. दौलतरावानं ते काही पाहिलं नाही. त्यानं तिला दोन्ही हातांवर उचललं आणि धडपडत, ठेचकाळत काठावर आणून ठेवलं. त्याची ती शपथ कुठं गळून पडली ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

आरडाओरडा ऐकून पल्याडचं गाव धावत आलं होतं. सगळ्यांच्या पुढे कस्तुराची माय, पिठानं भरलेल्या हातांनी तशीच. तिनं लेकीला कवटाळलं. पण कस्तुरा तिला बिलगली नाही. तिनं मायचा हात धरून आपल्या पोटावर दाबला आणि नुसती तिच्या तोंडाकडे बघत राहिली.

मायला सगळं कळलं. तिनं बायांना कडं करून उभं केलं, लेकीला कुशीवर वळवलं, ओलं लुगडं सैल केलं आणि पोट चोळायला लागली. प्रयागबाई विहिणीच्या शेजारी बसून सुनेचे तळवे घासत होती.

दौलतराव बायांच्या कड्याबाहेर पाठ फिरवून उभा होता. तोंड नदीकडे, अंगावरून पाणी ठिबकत होतं. अल्याडच्या घाटावरून जानराव काहीतरी ओरडत होता. बराच वेळ गेला. मग मागं न वळता, लहान पोरानं विचारावं तशा आवाजात त्यानं विचारलं, "हाललं का व?"

माय चोळत होती.

"इहीनबाई... हाललं का?"

कस्तुराच्या पोटाचं डावं अंग एकदम उचललं गेलं, लुगड्यावरूनसुद्धा दिसलं. मायचा पिठाळ हात तिथंच थांबला. पुन्हा एक ढुशी बसली, पहिलीहून जोरात. माय रडायला लागली. प्रयागबाईनं विहिणीच्या गळ्यात हात टाकले.

तेव्हा कस्तुराच बोलली. "हाललं, मामाजी."

दौलतराव तिथंच चिखलात मटकन खाली बसला.