सिसलीबाईचा चेहरा

दर शुक्रवारी सकाळी ईनिड कॅचपोल चर्चमध्ये यायची, गुडघ्यांखाली उशी घ्यायची आणि सिसलीबाईला घासायला बसायची. सिसलीबाई म्हणजे सहाशे वर्षांपूर्वी वारलेली कुणा सरदाराची बायको. पितळी पत्र्यावर कोरलेलं तिचं माणसाएवढं चित्र वेदीसमोरच्या फरशीत बसवलेलं होतं. एकेचाळीस वर्षं ईनिडने ते लखलखतं ठेवलं होतं, आणि इंग्लंडातल्या अख्ख्या सफोक परगण्यात अशी पितळ सापडायची नाही, हे ती भेटेल त्याला ऐकवायची. नवरा गेला, मुलगी कॅनडात. गावात तिला मान होता तो या एका कामाचा.

काम आलं होतं सासूकडून. सासू इथेल फक्त कोरड्या फडक्याने धूळ झटकायची. जुन्या पितळेला पॉलिश लावायचं नसतं, असं तिने सुनेला बजावलंही होतं. ईनिडच्या लेखी तो निव्वळ आळस. सासूचे चार दिवस संपले, सुनेचे सुरू झाले, आणि पहिल्याच आठवड्यात ती पॉलिशचा डबा घेऊन हजर झाली.

जूनमधल्या एका शनिवारी जुन्या चर्चांचा अभ्यास करणारी मंडळी बस करून आली. त्यांच्याबरोबर डॉक्टर पार्जिटर होते. पितळी चित्रांत त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही, असं पाद्रीबाबांनी आधीच सांगून ठेवलं होतं. ईनिडने लिंबाचा केक केला, नवा ब्लाऊज घातला आणि मुलगी दाखवायची असावी तशी सिसलीबाईच्या शेजारी जाऊन उभी राहिली. कौतुक होणार याबद्दल तिला काडीचीही शंका नव्हती.

डॉक्टरांनी आधी एक मोठा कागद उलगडला. सव्वाशे वर्षांपूर्वी कुणीतरी या पत्र्यावर कागद ठेवून काळ्या मेणाने घासून ठसा उठवला होता, तो हा. त्यात सिसलीबाईला चेहरा होता. जड पापण्या, हनुवटीवर खळी, ओठ किंचित वाकडे, आताच नवऱ्याला काही लागेलसं बोलल्यासारखे. पायाशी एक कुत्रं तिच्या झग्याची कड दातांत धरून ओढत होतं. सगळ्यांनी कागद पाहिला, मग फरशीकडे पाहिलं. फरशीतल्या बाईचं तोंड जेवणाच्या ताटासारखं गुळगुळीत होतं. कुत्र्याच्या जागी नुसती चमक होती.

सुरुवातीला तिथे बारीक काळ्या रेघा होत्या हे ईनिडला आठवत होतं. तिला तो मळ वाटला होता. तो निघाला तेव्हा तिला केवढा आनंद झाला होता.

"हे जुन्या लढायांत चर्च फोडणाऱ्या सैनिकांनी केलेलं नाही, चोरांनीही नाही," डॉक्टर म्हणाले. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं, पण ते शांतपणे बोलत होते. "कुणीतरी अगदी मायेने घासून घासून हिला पुसून टाकलंय. कोण करतं हे?"

पाद्रीबाबांना सगळं ठाऊक होतं. ते छताच्या तुळया बघत राहिले.

"माझ्या सासूबाई करायच्या," ईनिड म्हणाली. "इथेल कॅचपोल. फार हट्टी होत्या. मी किती सांगायचे, पण सुनेचं कोण ऐकतंय?"

डॉक्टरांनी लेखात घालायला नाव टिपून घेतलं, स्पेलिंग विचारलं. तिने एकेक अक्षर सांगितलं. अशा बायकांचा हेतू वाईट नसतो हो, असं एक पाहुणी म्हणाली आणि ईनिडने मान डोलावली. मग सगळ्यांनी केक खाल्ला, छान झालाय म्हणाले, आणि बस गेली.

कपबश्या आवरताना पाद्रीबाबा तिच्याजवळ आले. आता आपलं काही खरं नाही, असं तिला वाटलं. खरं तर तिला तेच हवं होतं. कुणीतरी तिला खोटारडी म्हणावं, म्हणजे तिला रडता तरी येईल.

"दर नाताळला पॉलिशचा डबा मीच तुम्हाला देत आलोय, ईनिडबाई," ते हळूच म्हणाले. "वर कळलं तर माझीही चौकशी होईल. तेव्हा तुमच्या सासूबाईंचंच नाव राहू दे. त्यांना आता काय फरक पडतो?"

आणि उरलेला केक घरी न्यायला त्यांनी तिच्याकडे डबा मागितला.