विश्रांतीच्या दिवशी हजार बैठका

शंभर किलोचा बार खांद्यावर घेऊन मोना खाली बसली ती उठेचना. राज्य स्पर्धा आठ दिवसांवर आलेली, आणि महिन्यापूर्वी हेच वजन तिनं हसत उचललेलं. मी तिचा कोच. आठवड्यात तीन दिवस पूर्ण विश्रांती, असं कागदावर लिहून दिलेलं.

"विश्रांती घेतलीस न्हवं?"

तिला रडूच फुटलं. "विश्रांतीच्या दिवशी आबा हजार बैठका मारायला लावत्यात, सर."

मी तिला घेऊन तडक कागलला तिच्या घरी गेलो. तिचे वडील केरबा, जुने पैलवान, सोप्यात खुर्चीवर बसलेले.

"आबा, ताकद विश्रांतीत भरती! पोरीच्या पायांचा भुगा करून माझ्याकडं पाठवताय, मग मी काय डोंबल शिकवू?"

"विश्रांती आळशानं घ्यावी," केरबा गुरकावले. "वीस वर्षं रोज हजार मारल्या. एक दिवस खाडा न्हाय केला."

तेवढ्यात आतून जेवायची हाक आली. केरबांनी खुर्चीचे हात धरले, दोनदा जोर केला आणि ओरडले, "मोने, हात दे गं. गुडघं उठू देईनात."

ती धावली. मी तिला मधेच थांबवलं.

"तुमच्या वयाची झाल्यावर हिला कोण उठवणार हाय, ते सांगा आधी."