कोणत्या लाईनीत?

मी एक जुना करंट सेन्सर आहे. वीज दिसत नाही, ऐकू येत नाही, आणि हात लावून पाहिली तर पाहणाराच सांगायला उरत नाही. अशा या महाशक्तीचे खरे मोजमाप मानवजातीला माझ्यामुळे कळते. मित्रांनो, असा मी थोर, करडी गावाकडच्या एका शाळेत तीन वर्षे कपाटात पडून होतो, आणि माझ्या डोक्यावर खिचडी वाढायचे दोन मोठे चमचे होते.

माझा जन्म कारखान्यातला. साबणाच्या वडीएवढे अंग, लाल आणि काळी अशा दोन तारा, तारांच्या टोकाला चिमटे, आणि लॅपटॉपला जोडायची एक वायर. शाळेत आलो त्या दिवशी मला हळदकुंकू लागले, फोटोही निघाला. मग कुणीतरी म्हणाले की याच्या नावातच करंट आहे, पोरांना लागेल. झाले, कुलूप. माझी वायर तेवढी बाहेर राहिली, कारण ती शिपाई लक्ष्मणरावांच्या मोबाईलला बसली.

यंदा प्रतिक्षा मॅडम आल्या आणि त्यांनी मला मागून घेतले. मुख्याध्यापक तेजराम सर म्हणाले, एक तासिका देतो. चालला तर वर्गात राहील, नाही तर शनिवारी भंगारात. मित्रांनो, तुमची परीक्षा तीन तास चालते. माझी पस्तीस मिनिटांची होती, आणि फेरपरीक्षा नव्हती.

सकाळपासून लाईन नव्हती. पण लॅपटॉप भरलेला होता आणि प्रयोगाला दोन सेल पुरत होते. माझी वायर परत आली. तिच्यामागे नऊ टक्क्यांवर अडकलेला मोबाईल घेऊन लक्ष्मणराव आले आणि दारातच उभे राहिले. सर मागच्या बाकावर घड्याळ बघत बसले. सातवीतल्या रिताने माझे दोन्ही चिमटे हातात धरले. मॅडम फळ्यावर आकृती काढता काढता, मागे न बघता म्हणाल्या, "रिता, त्याले लाईनीत लाव."

त्यांना म्हणायचे होते, सेल आणि दिव्याच्या रांगेत. पुस्तकात त्याला एकसर जोडणी म्हणतात. पण आमच्याकडे लाईन म्हणजे भिंतीतली, जी जाते आणि कधीकधी येते. नेमका तेव्हाच पंखा फिरला. लाईन आली, म्हणून वर्गात गलका झाला.

रिता भिंतीकडे निघाली.

मी दोन सेलांवर जगणारा जीव. भिंतीतली वीज मला एका क्षणात जाळणार होती. त्याचे दुःख होतेच. पण चिमटे उघडे होते, आणि ते तिच्या बोटांत होते. मला आकडे दाखवता येतात, ओरडता येत नाही. लाल चिमटा सॉकेटपासून चार बोटांवर आला. मग तीन. तिथे रिता थांबली.

"मॅडम, लाल कोणत्या भोकात टाकू?"

फळ्यावर खडू मोडला. मॅडम वळल्या आणि अगदी हळू म्हणाल्या, "हात मागं घे, बाई. आता इकडं ये."

मग त्या खुर्चीवर बसल्या. पाणी प्यायल्या. "चूक माही आहे," त्यांनी सगळ्यांदेखत सांगितले. "भिंतीतली लाईन नाई. खिचडीच्या लाईनीत तुम्ही एकामागं एक उभे राहता ना, तशी."

हे रिताला पटकन कळले. सेल, बटन, दिवा आणि दिव्यामागे मी. मॅडमनी आधी मला शून्यावर आणले. माणसाला शून्य म्हटले तर तो रुसतो. मला त्याशिवाय काम सुचत नाही. रिताने बटन दाबले, दिवा लागला आणि लॅपटॉपच्या पडद्यावर आले: उणे ०.२४ अँपिअर.

सर उठले. त्यांनी विचारले, हा उलटा कायले दाखवून राहिला? पाच मिनिटे उरली होती. रिताने कुणाला न विचारता बटन बंद केले, माझे लाल-काळे चिमटे अदलाबदल केले आणि पुन्हा दाबले. ०.२४. उण्याशिवाय.

सरांनी घड्याळ खिशात टाकले. "राहू द्या याले इथंच," ते म्हणाले.

तेव्हापासून मी टेबलावर राहतो. मित्रांनो, भिंतीच्या भोकात कधी काही घालू नका, आणि शब्द कळला नाही तर रितासारखे आधी विचारा. वस्तूही जपाव्यात, आम्ही बोलत नाही, पण जळतो.

उद्या सकाळी आठवीचा प्रयोग आहे. मी सज्ज आहे. फक्त लक्ष्मणरावांचा मोबाईल भरला असेल, तर तेवढी माझी वायर आणून द्या.