कापलेले बेचाळीस सेकंद

पुस्तकवाला तीनला यायचा होता, अडीचलाच टपकला. आमच्या बँडच्या एकाच गाण्यावर तो आख्खं पुस्तक लिहितोय. 'उजेड आहे तोवर' हे ते गाणं. पहिल्यांदा रेकॉर्डवर आलं तेव्हा साडेतीन मिनिटांचं होतं आणि त्याला कुत्रंही विचारत नव्हतं. मंचावर ते अकरा मिनिटं चालतं आणि लोक त्याच्यासाठी आजही रांगा लावतात.

"मला त्या मधल्या जागेबद्दल विचारायचंय," तो म्हणाला. "ड्रमर काठ्या ठेवून उठतो, गर्दीतून चालत साउंडच्या टेबलापर्यंत येतो, पाणी पितो, परत जातो. तोवर लोक टाळ्यांनी ठेका धरतात. हे सुचलं कुणाला?"

त्या टेबलावर मी बसते. पहिल्या कार्यक्रमापासून बँडचा आवाज मीच सांभाळते, म्हणून तो माझ्याकडे आला होता. त्याआधी गायकाला भेटून झालं होतं. गायक म्हणाला, कल्पना माझी. त्याचं असंच आहे, सूर्यही त्याला विचारूनच उगवतो. लंबूने, म्हणजे आमच्या गिटारवाल्याने, तार तुटल्याची थाप ठोकून दिली होती.

"आमच्या आईला सुचलं," मी म्हणाले.

तेव्हाचा ड्रमर माझा भाऊ. घरात धाकटा, म्हणून बँडमध्येही सगळे त्याला धाकटाच म्हणायचे. आई पहिल्यांदा आमचं वाजवणं ऐकायला आली, ती एका शाळेच्या व्यायामशाळेत. मी तिला माझ्या टेबलाशेजारी खुर्ची दिली. तिने घरून पाण्याची बाटली आणली होती. धाकटा घामाने निथळताना दिसला, तशी ती उभी राहिली आणि बाटली उंच धरून त्याला खुणा करायला लागली. ऐन गाण्यात! मी लाजेने अर्धी झाले. आणि हा शहाणा काठ्या ठेवून खरंच उठला. गायकाची बोबडी वळली. काय करावं सुचेना म्हणून त्याने टाळ्या वाजवायला सुरुवात केली, लोकांनी त्या उचलल्या. धाकटा आला, अर्धी बाटली रिचवली. आईने रुमालाने त्याचं कपाळ पुसलं आणि म्हणाली, "जा आता. सावकाश जा." तो गेला आणि बरोब्बर ठेक्यावर परत सुरू झाला. लोकांनी व्यायामशाळा डोक्यावर घेतली. त्या दिवसापासून ती प्रथाच पडली. आईची खुर्ची कायमची झाली.

पुस्तकवाला भराभर लिहून घेत होता. "आणि कार्यक्रमाची ती गाजलेली रेकॉर्ड! त्यात तो परत येतो तो ठोका काय अचूक आहे हो!"

"चहा निवतोय," मी म्हणाले. नंतर डोकं दुखतंय सांगून त्याला वाटेला लावलं. जे त्याला सांगितलं नाही ते इथे सांगते.

ती रेकॉर्ड ज्या कार्यक्रमाची आहे, तो आई गेल्यानंतर विसाव्या दिवशी झाला. सवयीने मी खुर्ची मांडली होती. धाकटा ठरल्याप्रमाणे उतरून आला आणि रिकाम्या खुर्चीपाशी उभा राहिला. मी बाटली पुढे केली. टाळ्यांचं एक असतं, त्यांना मोकळं सोडलं की त्या पळत सुटतात. त्या दिवशीही सुटल्या. धाकटा उशिरा परत गेला आणि लोकांच्या मागे न धावता एकदम संथ, जड वाजवायला लागला. लोक गोंधळले. गाणं रुळावर यायला वेळ लागला.

तेव्हा टेप ब्लेडने कापून चिकटपट्टीने जोडायची असे. मी ते बेचाळीस सेकंद कापले आणि तिथे आदल्या महिन्यातल्या कार्यक्रमाच्या टेपवरचं त्याचं परतणं जोडलं. सांधा कुणालाही कळला नाही. मला माझ्या हाताचं कोण कौतुक वाटलं होतं!

धाकट्याला कळला. स्टुडिओत उभ्या उभ्या ऐकून तो म्हणाला, "हा मी नाही."

"तूच आहेस. गेल्या महिन्यातला."

"गेल्या महिन्यात आई होती, ताई."

तेव्हा मी गप्प बसायला हवं होतं. पण मी म्हणाले, "चूक ती चूक. रेकॉर्डवर ती जन्मभर राहते." त्याने काठ्या माझ्या टेबलावर ठेवल्या आणि निघून गेला. वाटलं, दोन दिवस रुसेल आणि येईल. याला एकतीस वर्षं झाली. परदेशात तो कपडे धुण्याची यंत्रं दुरुस्त करतो. माझ्या वाढदिवसाला न चुकता चार ओळी पाठवतो, त्यातली एक हवेबद्दल असते. त्याच्या जागी आलेला ड्रमर भला माणूस आहे. तोही उतरून येतो, पाणी पितो, जातो. दर वेळी मी गर्दीतून येणाऱ्या त्या आकृतीकडे बघते आणि दर वेळी ती जवळ आली की माझं मन खट्टू होतं.

पुस्तकवाला गेल्यावर मी स्टुलावर चढून माळ्यावरचा डबा काढला. कापलेला तुकडा टाकायचा नाही, हा आमच्या कामातला नियम, म्हणून तो उरला होता. इतकी जुनी टेप चिकट होते, तशीच वाजवली तर तिच्यावरचा आवाजच खरवडून निघतो. आधी तिला आठ तास मंद उष्णता द्यावी लागते. मी फळं सुकवण्याच्या यंत्रातून सफरचंदाच्या चकत्या बाहेर काढल्या आणि टेप आत ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती लावली.

टाळ्या पळत होत्या. मग अगदी जवळून त्याचा आवाज आला. प्रेक्षकांचा आवाज घेणारा माईक माझ्या टेबलालाच बांधला होता, तेव्हा कापण्याच्या घाईत त्यातलं बोलणं मी ऐकलंच नव्हतं.

"ताई, इथे बसू का जरा?"

आणि माझा आवाज: "जा ना! वेळ जातोय."

असं मी बोलले नव्हते, अशी मी शपथ घेतली असती. मी टेप मागे घेतली, पुन्हा ऐकली. बोलले होते. आणि पुढे तो संथ ठोका. म्हाताऱ्या माणसाबरोबर चालताना आपण पाऊल आखडतं घेतो ना, तसं तो वाजवत होता. लोक आधी अडखळले हे खरं, पण मग हळूहळू सगळे त्याच्याबरोबर चालायला लागले. हजारो माणसं. हेच मी चूक म्हणून कापलं होतं. मी हमसून हमसून रडले.

मग पुस्तकवाल्याला फोन केला आणि सांगितलं, "तो अचूक ठोका जोडलेला आहे, बहिणीने जोडलाय, असं छाप." तुकडा जसाच्या तसा, माझ्या आवाजासकट, धाकट्याला पाठवला. सोबत एकच ओळ लिहिली: कापायला नको होतं.

बारा दिवस काही नाही. दिवसातून वीसदा फोन बघायचा म्हणजे या वयात शोभत नाही, पण बघत होते.

रविवारी दुपारी बागेत कार्यक्रम होता. त्या दिवशी मी कित्येक वर्षांनी टेबलाशेजारी खुर्ची मांडली. शेवटचं गाणं सुरू झालं आणि फोन थरथरला. परदेशी नंबर होता.

"ताई, आज कार्यक्रम आहे ना? तेच चाललंय का?"

"तेच. आत्ताच सुरू झालंय."

"चालू ठेव फोन."

मी फोन कानाला धरून एका हाताने काम करत राहिले. ती जागा आली. ड्रम थांबले, टाळ्या सुरू झाल्या. आमचा भला ड्रमर गर्दीतून आला, पाणी प्यायला, जायला वळला. मी त्याचं मनगट पकडलं. तो चक्रावून माझ्याकडे बघायला लागला. मंचावरून गायक हातवारे करत होता.

"पळायला लागल्या बघ टाळ्या," धाकटा म्हणाला. त्याचा आवाज म्हातारा झाला होता, आईसारखा थोडा घोगरा.

"पळू देत."

मी फोन टाळ्यांच्या दिशेने धरला आणि परत कानाला लावला.

"खुर्ची आहे का गं तिथे?"

"आहे."

"बसू का जरा?"

"बस," मी म्हणाले. "वेळ आहे."