तेल पुसल्यावर उरलेला फरक

मित्रांनो, माझं वय सतरा वर्षं. यंत्रासाठी हे म्हातारपणच. रायपूरच्या एका प्रयोगशाळेतला मी वर्णपटमापी. भाजीवर प्रकाश टाकायचा आणि तिने परतवलेला प्रकाश मोजायचा, हे माझं काम. तुमच्या डोळ्यांना न दिसणारा प्रकाशही मला मोजता येतो. एका फळामागे मी सातशे आकडे देतो. संगणक त्या आकड्यांची तुलना करतो आणि कोणतं फळ कोणत्या वाणाच्या जवळचं, ते सांगतो.

पहिली दहा वर्षं मी टोमॅटो, मिरच्या, भेंड्या मोजल्या. पाहुणे आले की आधी मला दाखवत. मग नवं यंत्र आलं. माझ्यावर प्लास्टिकचं कापड पडलं आणि कापडावर चहाचा ट्रे. वाईट वाटलं, हे लपवत नाही.

मागच्या वर्षी नवं यंत्र तांदळाच्या कामात अडकलं, तेव्हा प्रयोगशाळेतल्या संशोधक विजया मॅडमनी मला पुन्हा सुरू केलं. भनपुरीपलीकडचे शेतकरी मारोती यांनी आपल्या घरच्या वांग्याची स्वतंत्र वाण म्हणून नोंद मागितली होती. तीन पिढ्या राखलेलं बी, नाव ‘लोणी भांटा’; भांटा म्हणजे इकडच्या बोलीत वांगं. शिजायला मऊ, पण दिसायला बाजारातल्या गोल जांभळ्या वांग्यासारखंच. वाणांची नोंद करणाऱ्या समितीने कळवलं होतं, फरक सिद्ध करा, नाहीतर अर्ज फेटाळू.

मॅडमनी मारोतींच्या शेतातली पन्नास आणि गुढियारीच्या बाजारातली पन्नास वांगी माझ्यापुढे ठेवली. पडद्यावर ठिपक्यांचे दोन थवे उमटले, एकमेकांपासून चांगले लांब.

“म्हातारा अजून जवान हाये की!” विभागप्रमुख देवदत्त सर म्हणाले. “पाठवा रिपोर्ट.”

मारोती मात्र बाजारचं एक वांगं बोटाने चोळत उभे होते.

“दीदी, बजारवाले वांग्याले तेलाच्या फडक्यानं पुसतेत, चमकाले पायजे म्हून. माह्यं तं मातीतून सीधं आलं. तुमची मशीन वांगं पाहून राहिली का तेल?”

“तुमचाच फायदा होऊन राहिला ना, भैया? काहून फाटे फोडता?” सर वैतागले.

“उद्या दुसऱ्या कोणी इचारलं तं? मंग माह्यं वांगं खोटं ठरन.”

मॅडमनी कँटीनमधून वाटीभर तेल मागवलं. मारोतींची दहा वांगी तेलाच्या फडक्याने पुसली आणि माझ्यापुढे ठेवली. दहापैकी नऊ बाजारच्या थव्यात जाऊन बसली. मित्रांनो, माझे आकडे खरे होते, पण ते तेलाचे होते. शाबासकीही तेलालाच मिळाली होती.

मॅडमनी अहवाल पाठवलाच नाही आणि समितीकडून पाच महिन्यांची मुदत मागून घेतली. शेवटची, असं समितीने बजावलं. प्रयोगशाळेमागच्या एकाच वाफ्यात दोन्ही वाणं लावली, एकाआड एक ओळीत. पाणी तेच, खत तेच. एकाच सकाळी तोडणी, एकाच प्रकारच्या कोरड्या फडक्याने पुसणी. साठ वांगी नावं सांगून संगणकाला शिकवली. उरलेल्या शंभरांवर फक्त क्रमांक. कोणत्या क्रमांकाचं वांगं कोणतं, ती यादी सरांकडे बंद पाकिटात. मोजण्याआधी मॅडमनी माझी काच पुसली, दिवा अर्धा तास तापू दिला, पांढऱ्या चकतीवर माझं मोजमाप तपासलं. इतकी काळजी मी नवा असतानाही कोणी घेतली नव्हती.

समितीसमोर पाकीट उघडलं. मॅडम माझी उत्तरं वाचत होत्या, सर यादीवर खुणा करत होते. मारोती भिंतीला टेकून उभे होते. शंभरपैकी सत्त्याण्णव बरोबर! सरांनी दोनदा मोजलं, मग स्वतःच टाळी वाजवली.

“काय भैया, आता तरी देऊ ना रिपोर्ट?”

“आता द्या, सर,” मारोती हसले. “आता कोन्हीबी तपासो!”

समितीने त्याच बैठकीत नोंद केली : लोणी भांटा, स्वतंत्र वाण, राखणारे मारोती.

मित्रांनो, आम्हा जुन्या यंत्रांची काच पुसत जा, दिवा तपासत जा. आणि उत्तर मनासारखं आलं, की त्याच दिवशी आम्हाला आणखी एक प्रश्न विचारा. मारोतींनी तो स्वतःच्या विजयाच्या क्षणी विचारला, म्हणून त्यांच्या वांग्याचं नाव आता कोणालाही खोडता येणार नाही.