भाऊसोच्या वजनाचा गूळ

इस्लामपूरच्या बाहेर उसाला लागून आकारामचं गॅरेज आहे. या आठवड्यात त्यानं एकही ट्रॅक्टर आत घेतला नव्हता. आत एकच गाडी होती. दोन माणसांची, बिनटपाची, हिरवी आणि इतकी बुटकी की म्हैस शेजारी उभी राहिली तर झाकून जावी. तिचं मागचं सगळं सस्पेन्शन त्यानं उतरवलं, स्प्रिंगचे पाटे घासले, नवे रबरी बुश घातले आणि पुन्हा चढवलं. हे करताना तो चक्क गाडीशी बोलत होता. पलटणीतून रिटायर झालेल्या माणसाला हे शोभत नाही, पण ऐकायला होतं कोण?

गाडी भाऊसोची. पलटणीच्या वर्कशॉपात दोघं एकाच पान्यासाठी भांडले आणि जन्माचे दोस्त झाले. छावणीच्या लिलावात भाऊसोनं हिचा सांगाडा उचलला नि दोघांनी मिळून तो रस्त्यावर आणला. पुढं भाऊसो सांगलीत राहिला आणि यंदा मणक्याच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळला. रिक्षाचा एक खड्डा त्याला सोसवत नव्हता. त्याचं मागणं मात्र एकच होतं: आपल्या गाडीतून एकदा कोयनानगरची वळणं फिरायची. त्याचं बालपण तिथलं. मुलगी प्रियदर्शनी गाडी चालवणार होती. धक्का बसणार नसेल तरच न्या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणजे सगळं त्या मागच्या पाट्यांवर येऊन ठेपलं होतं.

आणि हा आकाराम पठ्ठ्या दोस्ताला बघायला एकदाही गेला नव्हता. सवड नाही म्हणायचा. खरं तर त्याची छाती होत नव्हती.

आता बोल्ट तेवढे आवळायचे राहिले होते. गाडी जॅकवर लटकत असताना आवळले की आतलं रबर पिळलेलं राहतं आणि गाडी लाथा झाडते. ती चाकांवर उभी हवी, माणसं बसल्यासारखी दबलेली हवी. आकारामनं चुलतभावाच्या गुऱ्हाळातून गुळाच्या ढेपा आणल्या. स्टेअरिंगमागं पोरीच्या वजनाच्या रचल्या, शेजारी भाऊसोच्या. गाडी हळूच खाली बसली.

गॅरेजभर गुळाचा वास दाटला. पत्र्याच्या भोकांतून उन्हाच्या काड्या उतरल्या होत्या आणि त्यांत धूळ तरंगत होती. आकारामचे डोळे जडावले. ढेपा दिसेनाशा झाल्या. भाऊसो बसला होता तिथं, चांगला आडव्या अंगाचा, भरल्या दंडाचा. रस्ता धुक्यात शिरत होता, गाडी जमिनीला न टेकता वळत होती आणि भाऊसो ओरडत होता, "पळव रं गड्या!" गॅरेजमधून गाडी हललेली नाही हे आकारामला पक्कं ठाऊक होतं. तरी त्यानं वळणावर अंग झुकवलं.

"काका!"

दारात प्रियदर्शनी उभी होती. तिची नजर सीटवर गेली. "एवढ्या ढेपा बाबांच्या?"

"व्हय तर! पैलवान हाय तुजा बाप."

तिनं वाकून एक ढेप खाली ठेवली. मग आणखी एक. पुढचीला हात घातला तसा आकाराम खेकसला, "बास की पोरी!"

"बाबा आता एवढेच राहिलेत, काका," ती म्हणाली, आणि तीही ढेप खाली आली.

गाडीची ती बाजू वर उचलली गेली. आकारामला रागच आला. कुणाचा ते त्यालाही कळेना. "मी न्हाई आवळत बोल्ट," तो म्हणाला. "त्येलाच घिऊन ये हितं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या गाडीत गादी घालून, बैलगाडीच्या चालीनं, तिनं वडिलांना आणलं. दोघांनी त्यांना उचलून सीटवर बसवलं. आकारामच्या हातांना काही उचलल्यासारखं वाटलंच नाही. भाऊसोनं वाकून चाकाकडं पाहिलं. "गाडी दबंना की रं," तो हसला.

प्रियदर्शनी स्टेअरिंगमागं बसली तसा आकाराम पाना घेऊन गाडीखालच्या खड्ड्यात उतरला. धक्के झेलणाऱ्या शॉकअबचा ताण अगदी कमी केला. मग बोल्टला पाना लावला आणि तिथंच थांबला. डोळे भरून आल्यानं त्याला काही दिसत नव्हतं.

"आवळ की," वरून आवाज आला. "का मी आनखी हलका व्हायची वाट बगतुयास?"

"तुजी जीभ तेवडी जड हाय अजून!" आकाराम खालून ओरडला आणि त्यानं बोल्ट आवळला.

गाडी उसाच्या रस्त्यानं गेली. खड्डा आला की मागची बाजू नुसती श्वास घेतल्यासारखी वरखाली व्हायची.

दुपारी फोन वाजला. "काका, बाबांनी मान टाकलीय..."

आकाराम ताडकन उठून उभा राहिला.

"झोपलेत हो! घोरतायत. दुखणं सुरू झाल्यापासून असा गाढ डोळा लागलाच नव्हता त्यांचा. मी कडेला थांबलेय. पण धरण समोर आलंय, उठवू का?"

"उठवू नगंस," आकाराम म्हणाला. "धरान कुटं पळून जातंय व्हय? इंजान बंद करू नगंस. फिरीव तशीच, हळूहळू."

तिनं बरं म्हटलं आणि फोन चालूच ठेवून शेजारी ठेवला. आकाराम कानाला फोन लावून बराच वेळ ते घोरणं ऐकत बसला.